हायपेशियाच्या नाटकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडईचं, म्हणजे आपल्या दिवाळीनंतरच्या जत्रेचं, पोस्टर लागल्यापासून लोकं पानठेल्यावर, गिरणीवर, बांधीत धान कापताना सुद्धा थांबवून विचारून राहिले की ही हायपेशिया कोण, तिचं नाटक आपल्या गावात काहून, अन् यात धर्माची काही भानगड तं नाही ना. प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून टाकतो. नाटक मीच लिहिलंय, बसवून पण मीच राहिलो, तर उत्तराची जबाबदारी पण माझीच.

नाटक आहे कशावर, थोडक्यात सांगा ना.

सोळाशे वर्षांआधी इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरात हायपेशिया नावाची बाई होती. गणित, खगोल अन् तत्त्वज्ञान शिकवायची, शहरातले अधिकारी तिच्या घरी सल्ला घ्यायला जायचे, आणि इ.स. ४१५ च्या मार्च महिन्यात धर्माच्या नावानं पेटलेल्या एका जमावानं तिला गाडीतून ओढून मारून टाकलं. नाटक तिच्या शेवटच्या तीन-चार वर्षांचं आहे, मधात एक जुना प्रसंग येतो देऊळ पाडल्याचा.

ही बाई खरंच होती का तुम्ही रचली?

खरंच होती. तिचा एक विद्यार्थी होता सिनेसियस, त्यानं तिला लिहिलेली सात पत्रं आजही आहेत. तिच्याच काळात जगलेला कॉन्स्टॅन्टिनोपलचा एक इतिहासकार होता, नाव सॉक्रेटिस (विषाचा पेला घेतलेला तो सॉक्रेटिस नाही, हा आठशे वर्षांनंतरचा), त्यानं आपल्या इतिहासात तिच्या खुनावर आख्खं प्रकरण लिहिलंय. तिचा बाप थिऑन हा पण गणिती होता, युक्लिडची भूमिती पुढं शेकडो वर्षं लोकांनी वाचली ती बहुतेक यानंच नीट करून ठेवलेल्या प्रतीवरून. टॉलेमी या जुन्या खगोल अभ्यासकाच्या ग्रंथावर त्यानं टीका (म्हणजे समजावून सांगणारं विवेचन, दोष काढणं नाही) लिहिली त्यातल्या तिसऱ्या भागाच्या मथळ्यावर त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की ही प्रत माझ्या मुलीनं, तत्त्वज्ञ हायपेशियानं तपासली आहे. बापानं पोरीचं नाव पुस्तकावर टाकणं आजही आपल्याकडे किती घरात होते ते बघा. नाटकात हा प्रसंग पहिल्याच अंकात घेतलाय, मला सगळ्यात आवडता सीन तोच आहे.

ती नेमकं शिकवायची काय? शाळेतल्या पोरांना समजेल का?

समजेल, अन् पोरांना नक्की आणा. दोन गोष्टी सांगतो ज्या आम्ही नाटकात पण घेतल्या.

एक म्हणजे शंकूचे छेद. अपोलोनियस म्हणून जुना गणिती होता, शंकू आडवा तिरपा कापला तर कापलेल्या जागी कोणकोणते आकार दिसतात यावर त्याचा ग्रंथ आहे, आणि हायपेशियानं त्यावर टीका लिहिली होती अशी जुनी नोंद आहे. हे समजायला घरची बॅटरी घ्या, अंधाऱ्या खोलीत भिंतीसमोर सरळ धरा, गोल पडते. कारण बॅटरीचा उजेड म्हणजे शंकू अन् भिंत म्हणजे सुरी. आता बॅटरी हळूहळू तिरपी करत जा, गोल लांबत लांबत जाते, ते लंबवर्तुळ. अजून तिरपी केली की एक वेळ अशी येते की आकार एका बाजूनं उघडाच राहतो, बंदच होत नाही, तो अन्वस्त, आणि बॅटरी भिंतीला समांतर धरली की मिळते तो अपास्त. अकरावी-बारावीत हे सूत्रं पाठ करून करून जीव जाते पण भिंतीवर एकदा पाहिलं की कायमचं डोक्यात बसते. नाटकाच्या आधी शाळेच्या भिंतीवर पोरांना हे करून दाखवणार आहोत.

दुसरी गोष्ट सिनेसियसच्या पत्रातली. तो तिला लिहिते की मला एक यंत्र बनवून पाठवा, बासरीएवढी नळी, तिच्यावर खुणा केलेल्या, खाली वजन लावलेलं म्हणजे पाण्यात उभी राहील, आणि किती बुडते त्यावरून पाणी जड का हलकं ते कळेल. आता आपल्या डेअरीवर दूध घालायला जाता तेव्हा लॅक्टोमीटर टाकतात ना, तेच तत्त्व. मी पत्राचा हा भाग तालमीत वाचला तेव्हा डेअरीवर काम करणारा आमचा पोरगा म्हणाला, अरे हे तं मी रोज सकाळी करतो, आणि तेव्हापासून सिनेसियसचं काम त्यालाच दिलंय.

पृथ्वी सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरते हे तिनंच शोधलं ना? मी व्हिडिओत पाहिलं.

नाही. ती असं काही मानत होती याचा एकही पुरावा नाही. सूर्य मधात ठेवायची कल्पना तिच्याही सहाशे-सातशे वर्षं आधी अ‍ॅरिस्टार्कस नावाच्या ग्रीक माणसानं मांडली होती, आणि मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे हे केप्लर नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं १६०९ मध्ये छापलं. हायपेशिया अन् तिचा बाप टॉलेमीचा ग्रंथ शिकवायचे, त्यात पृथ्वीच मधात आहे.

यावर मंडळात लय वाद झाला. दोघं-तिघं म्हणत होते की नाटक आहे, टाळ्या पडतील, तिच्या तोंडी टाकून द्या. मी नाही टाकलं अन् टाकणार पण नाही. मारणाऱ्यांनी तिच्याबद्दल खोटं पसरवलं होतं म्हणून तर ती मेली, आता तिच्या भल्यासाठी म्हणून आपणही खोटं कसं काय बोलायचं? आणि खोट्या शोधाची गरजच काय आहे. अवघड जुने ग्रंथ घेऊन बसायचं, आकडे तपासायचे, चुका काढायच्या, समोर बसलेल्याला समजेल असं करायचं, हे काम जो करते त्याच्यामुळंच ज्ञान पुढच्या पिढीपर्यंत जाते. केप्लरला शंकूच्या छेदांचं गणित तयार मिळालं ते असे ग्रंथ कोणी ना कोणी जपत, शिकवत, उतरवत राहिलं म्हणूनच. ती मास्तरीण होती, तेवढंच दाखवलंय, अन् तेवढं पुरेसं आहे.

ती जगातली मोठी लायब्ररी जाळली तो सीन आहे का?

त्या लायब्ररीचा सीन नाही. मोठी लायब्ररी तिच्या जन्माच्या लय आधीच मोडकळीला आली होती, इ.स.पूर्व ४८ मध्ये ज्युलियस सीझरच्या वेळची आग, नंतरच्या लढाया, राजांनी पैसा देणं बंद केलं, असं करत करत. हायपेशियाच्या काळात जे पाडलं ते सेरापिस देवाचं देऊळ, ३९१-९२ च्या सुमारास, बिशप थिओफिलसच्या वेळी. तो सीन आहे.

आणि तो सीन एकतर्फी नाही हे आधीच सांगून ठेवतो. जुन्या देवांना मानणाऱ्यांची टिंगल झाली, त्यांच्या देवळातल्या वस्तू चौकात मिरवल्या, तेव्हा चिडून त्यांनी पण ख्रिश्चन लोकांवर हल्ला केला, माणसं मारली, देवळात कोंडून छळ केला. त्यात व्याकरण शिकवणारा एक गुरुजी होता, हेलाडियस, तो नंतर फुशारकी मारायचा की आपण एकट्यानं नऊ जण मारले. शिकलेला माणूस होता हो! हे पात्र काढा म्हणून मला सांगितलं गेलं की प्रेक्षक गोंधळतील, मी ठेवलं.

तिला मारलं कोणी अन् काहून?

हे जरा लांब आहे, पण इथंच सगळी गोष्ट आहे म्हणून नीट वाचा.

४१२ मध्ये थिओफिलस वारला अन् त्याचा भाचा सिरिल अलेक्झांड्रियाचा बिशप झाला. शहराचा सरकारी प्रमुख होता ओरेस्टेस. या दोघांचं पटेना, कारण सिरिल सरकारच्या कामात हात घालायचा. शहरात ख्रिश्चन अन् ज्यू लोकांत तणाव होता, एका रात्री चर्चला आग लागली अशी खोटी ओरड करून बाहेर आलेल्या ख्रिश्चनांना ज्यू लोकांनी मारलं, दुसऱ्या दिवशी सिरिल जमाव घेऊन गेला अन् ज्यूंना शहरातून हाकललं, त्यांची घरं लुटली. ओरेस्टेस चिडला, दोघांनी सम्राटाला एकमेकांची तक्रार लिहिली. मग नायट्रियाच्या वाळवंटातून पाचशेक साधू शहरात उतरले, त्यांनी ओरेस्टेसची गाडी अडवली अन् मूर्तिपूजक म्हणून शिव्या घातल्या. तो ओरडून सांगत होता की बाप्पांनो मी ख्रिश्चन आहे, माझा बाप्तिस्मा झालाय, पण ऐकते कोण? अमोनियस नावाच्या साधूनं दगड मारला, ओरेस्टेसचं डोकं फुटलं, रक्तानं माखला. अमोनियसला पकडून इतका छळ केला की तो मेला, अन् सिरिलनं त्याला हुतात्मा ठरवलं. इतिहासकार लिहिते की समंजस ख्रिश्चनांनाच हे पटलं नाही.

आता यात हायपेशिया कुठं आली? ती ओरेस्टेसच्या ओळखीची, त्याला सल्ला द्यायची. गावभर उठवून दिलं की हीच बाई दोघांत समेट होऊ देत नाही. बस, एवढंच. पीटर नावाचा चर्चमध्ये पाठ वाचणारा एक जण होता, त्याच्या मागं जमाव गेला, घरी परतणाऱ्या तिला गाडीतून ओढलं, सीझेरियम नावाच्या चर्चमध्ये नेलं, अंगावरचे कपडे फाडले, कवेलू-खापराच्या तुकड्यांनी मारलं, अन् नंतर देहाचे तुकडे करून जाळले.

सिरिलनं हुकूम दिला होता का?

सॉक्रेटिस तसं लिहीत नाही, तो म्हणते की या प्रकारानं सिरिलच्या अन् तिथल्या चर्चच्या नावाला मोठा बट्टा लागला. शंभरेक वर्षांनंतर डॅमॅशियस नावाचा तत्त्वज्ञ सरळ सिरिलवर आरोप करते, पण तो जुन्या धर्माचा अन् नंतरचा. म्हणून आमच्या नाटकात सिरिल हुकूम देत नाही. तो प्रवचन देते, खाली लोकं तापत जातात, त्याला दिसते, अन् तो थांबवत नाही. ज्याच्या एका शब्दावर जमाव बसला असता त्यानं तो शब्द उच्चारला नाही, हे मला हुकूम दिल्यापेक्षा जास्त भयंकर वाटते.

म्हणजे नाटक ख्रिश्चन लोकांच्या विरोधात आहे तर?

नाही, अन् हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटते. तिचे विद्यार्थी ख्रिश्चन पण होते, जुने देव मानणारे पण होते, एकाच अंगणात बसून शिकायचे. सिनेसियस तर पुढं स्वतः बिशप झाला, अन् बिशप झाल्यावर, पोरं गमावल्यावर, आजारी पडल्यावर त्यानं तिला जे पत्र लिहिलं त्यात तिला आई, बहीण अन् गुरू म्हटलंय. ज्याला सल्ला द्यायची म्हणून ती मेली तो ओरेस्टेस ख्रिश्चन. अन् खुनाची हकीकत लिहून ठेवणारा सॉक्रेटिस पण ख्रिश्चन, तो स्पष्ट लिहिते की अशा कत्तली अन् मारामाऱ्या ख्रिस्ताच्या शिकवणीच्या पार विरुद्ध आहेत. आपल्याच लोकांचं पाप त्यानं लपवलं नाही म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे. नाटकाचा सूत्रधार आम्ही त्यालाच केलाय.

आपल्या आजूबाजूच्या कुठल्याही धर्माचे कपडे, झेंडे, घोषणा स्टेजवर नाहीत. ज्यांना शंका आहे त्यांनी येऊन संहिता वाचावी, एक प्रत ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवली आहे.

एवढ्या दूरच्या बाईचं नाटक आपल्या मंडईत काहून? आपल्याकडं बाया नव्हत्या का?

होत्या ना, अन् त्यांच्यामुळंच तर हे सुचलं. साधारण हायपेशियाच्याच काळात आपल्या नगरधनला, रामटेकच्या बाजूला, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता पोरगा लहान म्हणून राज्याचा कारभार पाहत होती, तिचे ताम्रपट आहेत. तेराव्या शतकात महदंबा, जिला मराठीची पहिली कवयित्री म्हणतात, महानुभाव पंथातली, तिचे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेले. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेनं स्त्री पुरुष तुलना छापून आणलं, बाईवर सगळा दोष टाकणाऱ्या समाजाला तोंडावर विचारलं, तिच्यावर टीकेचा एवढा मारा झाला की त्यानंतर तिचं दुसरं पुस्तक आलेलं नाही.

अन् दुसरं कारण. निकियूचा जॉन नावाचा सातव्या शतकातला बिशप हायपेशियाबद्दल काय लिहिते माहिताय? की ती जादूटोणा करायची, तारे मोजायची यंत्रं अन् वाद्यं घेऊन बसायची, लोकांना भुलवायची, अन् तिला मारलं ते बरंच केलं. आता हे वाचल्यावर मला अलेक्झांड्रिया दूरची वाटली नाही. आपल्या पट्ट्यात एखादी म्हातारी जडीबुटी जाणते, एकटी राहते, तिच्या नावानं काहीतरी उठवून द्यायचं अन् घर गाठायचं, हे किती वेळा झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यासाठी २०१३ मध्ये कायदा करावा लागला आपल्या राज्याला. गाडगेबाबा अन् तुकडोजी महाराज आयुष्यभर गावोगाव हेच सांगत फिरले. म्हणून हे नाटक इथंच पाहिजे.

तिची लव्हस्टोरी दाखवली का?

तिनं लग्न केलं नव्हतं. डॅमॅशियस एक किस्सा सांगते की एक विद्यार्थी तिच्या प्रेमात पडला, मागंच लागला, तेव्हा तिनं पाळीचं कापड त्याच्यासमोर धरलं अन् म्हणाली, तुझं प्रेम यावर आहे, यात सुंदर काही नाही. किस्सा खरा का नंतरचा ते सोडा, जुना आहे एवढं नक्की. काहींना वाटलं मंडईत बायाबापड्या बसतात, हे नको. पण आपल्याच भागात पाळीच्या दिवसात बाईला वेगळं बसवतात, गडचिरोलीकडं अजून कुर्माघरं आहेत. आमच्या मंडळातल्या बायांनीच सांगितलं की ठेवा, म्हणून ठेवलाय, अगदी साधेपणानं.

२००९ चा तो इंग्रजी पिक्चर पाहून केलं का?

पाहिलाय, अगोरा. आलेहान्द्रो आमेनाबारनं काढला, रेचेल वाइझनं काम जबरदस्त केलंय, जमाव वरून मुंग्यांसारखा दिसते ते शॉट अजून डोळ्यासमोर आहेत. पण त्यातला गुलाम दावुस हे पात्र रचलेलं आहे अन् लंबवर्तुळाचा शोध पण रचलेलाच, त्याची कहाणी वेगळी, आमची वेगळी.

हिरोइन एवढ्या वयाची काहून घेतली?

तिचा जन्म कधीचा यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण मेली तेव्हा ती पंचेचाळीस ते साठ अशी कुठं तरी होती. आमच्या बाई पण त्याच वयाच्या आहेत, वीस-पंचवीस वर्षं गणित शिकवलंय त्यांनी, फळ्यासमोर उभ्या राहिल्या की वेगळा अभिनय करावा लागत नाही.

खून स्टेजवर दाखवणार का? लहान लेकरं घाबरतील.

दाखवणार नाही. पहिल्या अंकापासून स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात फुटक्या कवेलूंचा ढीग आहे, छत दुरुस्तीचं काम चालू आहे असं दाखवलंय, लेकरं तिथं खेळतात, एक कामगार त्यावर बसून भाकर खाते. शेवटच्या अंकात हायपेशिया निघून गेल्यावर लोकं एक एक करून येतात, अन् जाताना ढिगातून एक एक तुकडा उचलून नेतात. कोणी बोलत नाही, फक्त कवेलूवर कवेलू घासल्याचा आवाज. ढीग संपते अन् लाइट जातो. मग अंधारात सूत्रधार सॉक्रेटिसची हकीकत सांगते. हे काम करणारे आपल्याच गावातले चेहरे आहेत, दुकानदार, शेतमजूर, शिकवणारा, म्हणून जास्त लागते. सहा-सात वर्षांखालच्या लेकरांना तेवढ्या वेळी बाहेर नेलं तरी चालेल, त्याआधी संगीत मोठं होते, कळेल तुम्हाला.

खुन्यांना शिक्षा झाली का?

तशी नोंद नाही. ४१६ मध्ये सम्राटाच्या दरबारातून एक कायदा आला, बिशपच्या हाताखालचे परबलानी म्हणून लोक होते, मूळ काम आजाऱ्यांची सेवा, पण दहशत करायचे, त्यांची संख्या पाचशेवर आणली अन् नेमणूक सरकारी प्रमुखाकडं दिली. ४१८ मध्ये परत सहाशे केली अन् बिशपच्याच हातात दिली. दोन वर्षं टिकलं.

भाषा कोणती? ग्रीक लोकं झाडीबोली बोलणार का?

बोलणार. शहरातली सामान्य माणसं झाडीबोलीत, हायपेशिया अन् ओरेस्टेस जरा पुस्तकी मराठीत. वडस्याच्या कंपन्यांची नाटकं पाहून मोठे झालेले लोकं आहोत आपण, राजा असो की शिपाई, बोली कानाला लागली की माणूस आपला वाटते.

गाणी आहेत का? लावणी?

गाणी आहेत, झाडीपट्टीत गाण्याशिवाय नाटक म्हणजे लोकं अर्ध्यातून उठतात. पेटी-तबला लाइव्ह, शेवटच्या अंकाआधी दंडारीच्या, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्याच्या, चालीवर एक समूहगीत. लावणी नाही, त्यासाठी मंडईत दुसऱ्या रात्री कार्यक्रम आहे.

हायपेशियानं लिहिलेलं काही वाचायला मिळते का?

तिच्या नावानं सुटं असं पुस्तक उरलेलं नाही. बापाच्या टीकेतला तो तिसरा भाग अन् डायोफँटसच्या अंकगणितावरचं काही काम, यात तिचा हात असावा असं अभ्यासक मानतात. सिनेसियसची पत्रं मात्र इंग्रजी भाषांतरात मिळतात, त्यातली दोन मी मराठीत केली आहेत, संहितेच्या मागं जोडली.

किती वाजता सुरू, किती वाजेपर्यंत, तिकीट किती?

रात्री दहाला पडदा, तीन अंक, पहाटे तीनच्या आत संपवू. शाळेची पोरं, बाया अन् म्हाताऱ्यांना तिकीट नाही, बाकीच्यांचं गेटवर. थंडी पडून राहिली, घोंगडं-चादर आणा. बसायला ताडपत्री टाकून ठेवू, खुर्च्या मागं. बॅटरीचा प्रयोग साडेआठला शाळेच्या मागच्या भिंतीवर, ज्या पोराकडं स्वतःची बॅटरी आहे त्यानं सोबत आणावी.